शिकायला हंगाम कुठून आणायचा? : रोल प्लेइंग गेममधल्या कौशल्यवाढीचा आढावा

राजूरच्या एका शेतकऱ्याच्या पोराला मोडी वाचायला शिकायचं आहे. हा पोरगा खरा नाही, रोल प्लेइंग गेममधलं पात्र आहे. टेबलाभोवती पाच जण बसलेत. एक सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र चालवणारे. घरातल्या जुन्या पेटीत सापडलेला कागद आपल्याच पात्रानं वाचावा, असं एका खेळाडूच्या मनात आहे. तो म्हणतो, ‘मी मोडी शिकतो.’ आता सूत्रधारानं काय करायचं? ‘बरं, शिकलास’ म्हणावं, तर शिकण्याला मोलच उरत नाही. ‘आधी दहा दरोडेखोर मार, गुण मिळव, त्यातून मोडी घे’ म्हणावं, तर दरोडेखोर मारून लिपी कशी येते हे कुणालाच सांगता यायचं नाही. ‘रोज थोडं गिरव, सहा महिन्यांनी बघू’ म्हणावं, तर ते सहा महिने बाकीच्यांनी करायचं काय?

गेली पन्नास वर्षं या खेळांचे रचनाकार याच पेचात आहेत. पात्राची वाढ कशानं व्हावी? पराक्रमानं, सरावानं, पुस्तकानं, गुरूनं, की नुसता काळ गेल्यानं? प्रत्येकाला कुणी ना कुणी ‘हेच खरं’ म्हटलंय. मी हा आढावा राजुरात घडणारा खेळ समोर ठेवून घेतोय. दूरच्या किल्ल्यांसाठी केलेले नियम जालना जिल्ह्यातल्या गावात आणून लावले की त्यांतला कुठला तग धरतो, ते लवकर दिसतं.

राजूर म्हणजे भोकरदन तालुक्यातलं राजुरेश्वर गणपतीचं गाव. मोरगाव, पद्मालय आणि चिंचवड यांच्यासोबत गणेशाच्या साडेतीन पीठांत त्याचं नाव घेतलं जातं, आणि अंगारकीला इथं माणसांचा महापूर येतो. गणेशानं वरेण्य राजाला गणेशगीता सांगितली ती इथंच, अशी श्रद्धा आहे. गणेशपुराणाच्या क्रीडाखंडात तिचे अकरा अध्याय आहेत. त्या कथेचा शेवट खेळ रचणाऱ्यानं ध्यानात ठेवावा असा आहे. प्रत्यक्ष देवानं शिकवलं तरी राजा ऐकल्या-ऐकल्या मुक्त होत नाही. तो राज्य आणि कुटुंब सोडतो, वनात जातो, सांगितलेला योग आचरतो, तेव्हा कुठं मुक्ती मिळते. उपदेश एकदाच झाला, आचरण त्यानंतर करावं लागलं, आणि त्यासाठी राज्य सोडावं लागलं. अभ्यास, सराव आणि त्यांची किंमत, तिन्ही गोष्टी त्यात आल्या.

मोडीचं उदाहरणही हौसेनं घेतलेलं नाही. २०२३ मध्ये याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं बाहेर निघाली. त्यांत मोडी होती, उर्दू होती. वाचणारी माणसं शोधावी लागली. पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गात थोड्या दिवसांत अक्षरओळख होते. पण हात न उचलता भरभर लिहिलेलं, शाई उडालेलं, संक्षेपांनी भरलेलं दप्तर सलग वाचायला वर्षं जातात. अक्षरं ओळखणं आणि कागद वाचणं यांच्यामधलं हे अंतर खेळात दाखवायचं कसं, हाच खरा प्रश्न.

ते मला सर्वांत नेमकं दिसलं ते ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ या २०१८ च्या संगणक-खेळात. चेक स्टुडिओ वॉरहॉर्सचा हा खेळ मध्ययुगीन बोहेमियात घडतो. नायक हेन्री लोहाराचा मुलगा, त्याला वाचता येत नाही. पुस्तक उघडलं की पानावर अक्षरं असतात, पण शब्दांत उलटसुलट झालेली. एका लेखनिकाकडे जाऊन पैसे देऊन धडे घेतले की वाचनाचा आकडा सुरू होतो, आणि मग आकडा चढेल तसतसे शब्द सावरू लागतात. खेळाडूला स्वतःला वाचता येतं, तरीही त्याच्या डोळ्यांपुढचं पान हेन्रीच्या डोळ्यांनी दिसतं. तलवारीचंही तसंच. सुरुवातीला हेन्री धडपणे वारही करू शकत नाही. कॅप्टन बर्नार्डसमोर मैदानात उभं राहून घाम गाळला की हात बसतो. वाढ आकड्यातच राहत नाही, खेळणाऱ्याच्या हाताला जाणवते.

इथवर यायला खेळांना बराच काळ लागला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला तेव्हा अनुभवाचे गुण मिळत ते राक्षस मारल्याबद्दल आणि खजिना आणल्याबद्दल. सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. मांत्रिकाचा मंत्र आणि योद्ध्याचा वार दोन्ही त्याच थैलीतून वाढत. हिशेब सोपा होता, आणि खेळाडूंना गुहेत उतरायला कारणही मिळत होतं. पण शिकण्याचं काय, हा प्रश्न गायगॅक्स यांनाही सुटला नव्हता. १९७९ च्या सूत्रधारांच्या ग्रंथात त्यांनी नियम घातला की गुण पुरले तरी पातळी आपोआप चढायची नाही. एक ते चार आठवडे प्रशिक्षण घ्यायचं आणि दर आठवड्याला आपल्या पातळीच्या दीड हजार पट नाणी मोजायची. कित्येक टेबलांनी हा नियम सोडून दिला. मला वाटतं, त्याचं कारण शिकण्याचा कंटाळा हे नव्हतं. त्या आठवड्यांत काहीच घडत नव्हतं. पैसे गेले, दिवस गेले, आकडा वाढला. गुरू कोण, त्यानं काय अट घातली, शिष्य कुठं अडला, यातलं काहीही टेबलावर येत नव्हतं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतही नवी भाषा शिकायला २५० दिवस आणि रोजचं एक नाणं असा नियम होता. तोही तसाच मुका.

दुसरी वाट १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’नं पाडली. स्टीव्ह पेरिन आणि सहकाऱ्यांच्या या खेळात पातळी नावाची गोष्टच नव्हती. प्रत्येक कौशल्याला टक्के. अडचणीच्या प्रसंगी एखादं कौशल्य वापरून यश आलं की त्याच्यापुढे खूण करायची. मोहीम संपली की खुणा केलेल्या प्रत्येक कौशल्यासाठी शंभराचा फासा टाकायचा, आणि आता गंमत बघा : आधीच्या आकड्यापेक्षा जास्त पडला तरच वाढ. मोडी ३० टक्के येत असेल तर वाढायची संधी जवळपास ७० टक्के. ९० टक्के येत असेल तर जेमतेम १०. नवखा भराभर शिकतो, जाणता रखडतो, हे एका फाश्यात बसवलंय. पुढे १९८१ मध्ये ‘कॉल ऑफ क्थुलू’नं तोच सांगाडा घेतला. नियमांच्या इतक्या पोथ्या पाहिल्या, पण एवढ्या कमी शब्दांत एवढं खरं सांगणारा नियम मला दुसरा सापडलेला नाही.

मात्र त्यात एक भोक आहे, आणि त्यातून माणसं बाहेर पडलीच. यशाला खूण मिळते म्हटल्यावर खेळाडू एकाच लढाईत तलवार टाकून भाला घ्यायचे, भाला टाकून गदा, म्हणजे सगळ्यांपुढे खुणा होतील. संगणकावर हा रोग जास्त फोफावला. १९८८ च्या ‘फायनल फँटसी २’मध्ये मार खाल्ला की प्राणशक्ती वाढे, म्हणून लोक आपल्याच सोबत्यांना बडवत बसले. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये संगणकाला आज्ञांची साखळी लावून देऊन माणसं झोपायला जात आणि पात्र रात्रभर तीच क्रिया करत राही. ‘मोरोविंड’मध्ये उड्या मारत प्रवास, ‘स्कायरिम’मध्ये लोखंडी सुऱ्यांचे ढीग. शेकडो सुऱ्या घडवून नायक थोर लोहार होतो, आणि त्यातली एकही सुरी कुणाला हवी नसते.

यात खेळाडूंना दोष देऊन उपयोग नाही. नियमानं ज्याला बक्षीस ठेवलं, ते त्यांनी केलं. चूक आहे ती ‘वापर म्हणजे सराव’ या समजुतीत. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर यांनी १८९० च्या दशकात तारायंत्र शिकणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसलं की वेग चढता चढता एका टप्प्यावर थांबतो. रोज तेच काम करूनही पुढे सरकत नाही. मग अक्षरांऐवजी अख्खे शब्द कानाला कळू लागतात आणि तो पुन्हा चढतो. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरून मांडलं की कस लागतो तो हेतुपूर्वक केलेल्या सरावात, जिथं नेमकी उणीव हेरून तिच्यावरच मेहनत होते आणि चूक लगेच कळते. हा सिद्धांत पुढे फार ताणला गेला. २०१४ मध्ये मॅकनमारा, हॅम्ब्रिक आणि ऑस्वाल्ड यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा सरावानं माणसामाणसांतला फरक खेळांत सुमारे २६ टक्के, संगीतात २१ आणि क्रीडेत १८ टक्केच उलगडला. बाकीचं कुठून येतं यावर वाद चालू आहे. खेळ रचणाऱ्यानं एवढं घ्यावं की सराव लागतोच, पण नुसत्या तासांनी भागत नाही.

लाल मातीच्या तालमीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पहाटे हौदा खणून माती भुसभुशीत करायची, तीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळलेलं असतं. मग जोर, बैठका, सपाट्या. इथवर सगळे सारखेच. फरक पडतो तो जोड लावताना. वस्ताद हौद्याच्या काठावर उभा असतो आणि पोराला त्याच्याहून थोड्या वजनदार, थोड्या जाणत्या गड्यासमोर सोडतो. फार जड दिला तर पोरगं नुसतं खाली दबून राहील, हलका दिला तर डाव न लावताच जिंकेल. एकेरी पट काढताना पोराचा हात उशिरा जातो, हे पोराला कळत नाही, वस्तादाला कळतं. तो थांबवतो, हात धरून दाखवतो आणि तोच डाव पुन्हा लावायला सांगतो.

ल्यूक क्रेन यांच्या २००२ च्या ‘बर्निंग व्हील’मध्ये जोडीचं हे शहाणपण आहे. तिथं प्रत्येक कसोटी सोपी, अवघड किंवा आवाक्याबाहेरची अशी नोंदली जाते, आणि कौशल्य चढायला ठरावीक संख्येनं वरच्या प्रकारच्या कसोट्या द्याव्याच लागतात. आवाक्याबाहेरच्या कसोटीत हरलात तरी ती धरली जाते. त्यामुळे खेळाडू आपणहून भारी जोड मागायला लागतो. ‘डन्जन वर्ल्ड’नं तर फासा वाईट पडला की अनुभवाचा गुण देऊन टाकला. हरण्याला मोल आलं की सुऱ्यांचे ढीग लावायची वेळ येत नाही. या दोन्ही युक्त्या मी राजूरच्या खेळात घेईन. त्यातही क्रेन यांची आधी, कारण तिथं कुठलंही अपयश चालत नाही, आपल्याहून मोठ्याशी भिडताना आलेलं लागतं.

एका कौशल्यातलं दुसऱ्यात किती उतरतं, हाही प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडलेले मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवर, आंतरराष्ट्रीय नियमांनी लढावं लागलं. तिथं रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाची शिकवण मिळाली आणि ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्य. मातीतली चपळाई गादीवर कामी आली, पण आपोआप नाही. मध्ये एक शिक्षक आणि चार वर्षांची तयारी होती. आजही महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे वेगळे विभाग असतात. डिसेंबर २०१८ मध्ये ही स्पर्धा जालन्यात झाली तेव्हा बाला रफिक शेखनं अभिजित कटकेला हरवून गदा नेली. खेळात याचा नियम करायचा तर असा : शेजारचं कौशल्य निम्म्यानं वापरता येतं, पण वरचं निम्मं मिळवायला नवा वस्ताद लागतो.

आता पुस्तकाकडे. अभ्यासाचा सर्वांत सखोल विचार केलाय तो १९८७ च्या ‘आर्स मॅजिका’नं. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांच्या या खेळात मध्ययुगीन युरोपातले जादूगार वर्षाचे चार ऋतू मोजून जगतात. एका ऋतूत एकच मोठं काम : पुस्तक वाचा, सराव करा, गुरूकडे शिका, शिष्याला शिकवा किंवा प्रयोगशाळेत बसा. पाचव्या आवृत्तीत तर पुस्तकांचेही प्रकार आहेत. एक प्रकार पायापासून शिकवणारा, पण त्याच्या पातळीशी पोचलात की तो संपला. दुसरा एकाच मुद्द्यावरचा, एकदाच वाचून फायदा देणारा. त्यामुळे दुसऱ्याच्या ग्रंथालयात शिरकाव मिळवणं हीच एक मोहीम होते. ‘गर्प्स’चा हिशेब अधिक कोरडा आहे. २०० तास शिकलं की एक गुण. गुरूसमोरचा तास पूर्ण धरायचा, एकट्यानं शिकलेले दोन तास मिळून एक, आणि पोटापाण्याच्या कामात गेलेल्या चार तासांचा एक. कोरडा असला तरी प्रामाणिक. दिवसभर कपाशीत राबणाऱ्यालाही शेतीचं काहीतरी उमजत असतं, एवढं तरी तो मान्य करतो.

तिसरी वाट, नुसता काळ. २००३ च्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये कौशल्य खऱ्या घड्याळावर वाढतं, खेळाडू खेळत नसला तरीही. सुऱ्या घडवायला नकोत, साखळी लावायला नको. पण नंतर आलेला माणूस आधीच्याला कधीच गाठू शकत नाही, आणि २०१६ मध्ये कंपनीनं शिकलेलं कौशल्य काढून दुसऱ्याला विकायची सोय केली तेव्हा त्या काळालाही बाजारभाव आला. ‘रूनस्केप’मध्ये ९९ व्या पातळीला १,३०,३४,४३१ गुण लागतात आणि ९२ व्या पातळीला त्याच्या निम्मे होतात. शेवटच्या सात पायऱ्यांत आधीच्या ९२ इतकं ओझं. अवघडपणा असा नुसत्या लांबीनं आणला की तो शिकण्याचा राहत नाही, बसून राहण्याचा होतो.

या सगळ्यातून राजूरच्या खेळासाठी मी ‘आर्स मॅजिका’चे ऋतू उचलतो आणि ते इथल्या कामाला बांधतो. मृगाला पेरणी : कपाशी, सोयाबीन, तूर. मग निंदणी-खुरपणी. दसरा-दिवाळीपासून कापूस वेचणी, सोबत हरभरा, ज्वारी, गहू. चैत्रात जत्रा आणि कुस्त्यांचे फड, त्यानंतर उन्हातली नांगरट. अशा वर्षात पात्राच्या हाती मोकळा हंगाम एखादाच. ‘मी मोडी शिकतो’ म्हणणाऱ्याला सूत्रधारानं मग गुण मागायचे नाहीत, विचारायचं : या वेचणीत तू नाहीस, मग कापूस कोण वेचणार?

माझं म्हणणं सारं इथं आहे. कौशल्याची किंमत गुणांत किंवा नाण्यांत लावली की ती पात्राच्या कागदावरच फिटते. ती कुणाच्या तरी श्रमांत लावली की टेबलावर गोष्ट सुरू होते. पोरगा आळंदीला जातो म्हटला, विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम करायला, तर घरी बहिणीनं शाळा सोडून वेचणीला जायचं का? तीही कुणाचं तरी पात्र आहे, तिलाही काही शिकायचं आहे. आई काय म्हणेल? मराठवाड्यातल्या घराघरांत हा हिशेब झालेला आहे आणि बहुतेक वेळा तो मुलीच्या नावावर मांडला गेलाय. खेळाच्या नियमात तो आला की बहिणीचा खेळाडू ‘नाही’ म्हणू शकतो, आणि ते ‘नाही’ कुठल्याही राक्षसापेक्षा भारी पडतं.

आळंदीचं उदाहरण आणखी एका कारणानं उपयोगी आहे. तिथून आलेला विद्यार्थी गावच्या सप्ताहात एकदम कीर्तनाला उभा राहत नाही. आधी टाळकऱ्यांत उभा राहून चाली धरतो, मृदंगाची साथ ओळखतो, बुवांनी अभंगाचं चरण सोडलं की ते उचलतो. पाठांतर आळंदीत झालं, पण समोर गाव बसलेलं असताना चरण वेळेवर उचलणं इथं शिकायचं. खेळात मी अभ्यासाला एक मर्यादा घालीन : पुस्तक आणि वर्ग निम्म्यापर्यंत नेतील, पुढची प्रत्येक वाढ लोकांसमोरच्या प्रसंगातूनच.

परीक्षांच्या शिड्यांबद्दलही दोन शब्द. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या मंडळाच्या परीक्षा आजही प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्यांनी चढतात, वर अलंकार. टंकलेखनाला मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस. खेळांतली पातळी दिसायला अशीच आहे, पण खेळ एक गफलत करतात : पातळी आणि अंगातलं कसब एकच धरतात. प्रमाणपत्रानं दार उघडतं, नोकरीच्या अर्जात ते लागतं. मैफल रंगेल की नाही ते वेगळंच. पात्राच्या कागदावर दोन नोंदी हव्यात : काय येतं, आणि येतं असं कोण मानतं. कागद नसलेला पण दप्तर घडाघडा वाचणारा म्हातारा आणि वर्गाचं प्रमाणपत्र असलेला, पण दुसऱ्या ओळीवर अडणारा तरुण, दोघंही मग खेळात उभे राहतात, आणि तहसीलमध्ये कुणाला बोलावतात यावर एक अख्खी संध्याकाळ खेळता येते.

उतरणीकडे मात्र बहुतेक खेळांनी पाठ फिरवलीय. आकडे चढतात, उतरत नाहीत. ग्रेग स्टॅफर्ड यांचा १९८५ चा ‘पेंड्रॅगन’ सन्माननीय अपवाद. तिथं दर हिवाळ्यात सरदाराच्या घरचा हिशेब होतो, पस्तिशीनंतर वयाचे फासे पडू लागतात, शरीर झिजतं, आणि मुलगा पुढे आला की त्याला बापाच्या कीर्तीचा दहावा हिस्सा मिळतो. कीर्तीचा वारसा ठीक आहे, पण कसबाचा? चाळिशीतल्या पैलवानाचा गुडघा गेला की तो फडात उतरत नाही, हौद्याच्या काठावर येतो. ही बाजू बदलणं म्हणजे अख्खं दुसरं कौशल्य, आणि त्याला ‘आर्स मॅजिका’ किंवा ‘गर्प्स’मध्ये शिकवण्याचं वेगळं खातं आहे एवढंच. माझ्या नियमात वस्तादाचा खेळाडूच पुढच्या पर्वात शिष्य चालवील. शिष्याचे सगळे आकडे नवख्याचे. फक्त वस्तादानं हंगामभर बसून हातात बसवलेला एक डाव, कोणता तो दोघांनी आधी ठरवायचा, पूर्ण टक्क्यांनी त्याच्याकडे येईल. त्या हंगामात वस्तादाच्या शेताकडे कोण पाहणार, हे तेव्हाही विचारावं लागेल.